पाणीदार पातं

ट्रकचा पाटा मोडला की गॅरेजवाला तो उतरवून बाजूला टाकतो. मुंबई-आग्रा महामार्गालगत, नाशिकमध्ये द्वारकेपासून आडगावपर्यंत, गॅरेजच्या दारांत असे वाकलेले, गंजलेले पाटे पडलेले दिसतात. तिथून ते भंगारवाल्याकडे जातात आणि भंगारवाल्याकडून किलोच्या भावानं घिसाड्याच्या पालावर. मग त्याच पाट्याचा कोयता होतो, विळा होतो, खुरपं होतं. कुणी मुद्दाम सांगितलं तर विळीचं पातंही होतं.

हा पाटा म्हणजे साधं लोखंड नव्हे. टनावारी ओझ्याखाली वाकून पुन्हा जागेवर यावा म्हणून तो स्प्रिंगच्या पोलादाचा केलेला असतो. या पोलादाची एक जात आपल्याकडच्या ट्रकांत सर्रास वापरतात, तिचं नाव एसयूपी-९. हे नाव जपानी मानकांतलं आहे. कार्बन साधारण ०.५२ ते ०.६० टक्के, सोबतीला थोडं मँगनीज आणि थोडं क्रोमियम. जपानी सुऱ्यांचं नाव आज स्वयंपाकाची हौस असलेल्या प्रत्येकाच्या तोंडी आहे, पण जपानी प्रमाणाचं पोलाद आपल्या जिल्ह्यातला घिसाडी त्याआधीपासून ठोकतो आहे.

हा लेख जपानी सुरीबद्दल आहे. हातानं घडवलेल्या, रोजच्या भाजीसाठी वापरायच्या सुरीबद्दल. ती मला मनापासून आवडते आणि तिची शिफारसही मी करणार आहे. पण तिच्याबद्दल वाचत, शिकत गेलो तसं एक गोष्ट पक्की होत गेली: भट्टी, ऐरण, घण आणि पाणी यांची जी विद्या जपानमधल्या एचिझेनच्या लोहाराकडे आहे, तिचीच शाखा सिन्नर-निफाडच्या आठवडी बाजारात पाल ठोकून बसलेल्या माणसाकडेही आहे. तिकडे त्या विद्येभोवती गाव उभं राहिलं. आपल्याकडे तिच्याभोवती कुणीच उभं राहिलं नाही.

आधी घिसाड्याचं काम जवळून पाहू. जमिनीत खणलेली छोटी भट्टी, तिला वारा घालणारा भाता (आता बहुतेक ठिकाणी हातानं फिरवायचा पंखा), मातीत रोवलेली ऐरण. पुरुष सांडशीत तापलेला तुकडा धरून बसतो आणि बायको समोर उभी राहून घण घालते. पुरुषाच्या दुसऱ्या हातात लहान हातोडा असतो. तो जिथं टिचकी मारतो, तिथंच पुढचा घण पडतो. बोलणं होत नाही, त्याची गरजच नसते. सात-आठ शेर वजनाचा घण पदर खोचलेली बाई डोक्याच्या वर नेऊन नेमका बोटभर जागेवर आणते, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला ‘नाजूक काम’ या शब्दांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. घिसाडी समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहे. त्यांच्या घरच्या बोलीत गुजराती-राजस्थानी वळण ऐकू येतं. घण बायकांनी घालायचा, ही या समाजाची जुनीच रीत आहे.

पात्याला आकार आला की खरी परीक्षा सुरू होते, ती पाणी पाजण्याची. पोलाद ठरावीक तापमानापर्यंत लाल करून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवलं की ते काचेसारखं कठीण आणि तसंच ठिसूळ होतं. हे तापमान साधारण ७८० ते ८५० अंशांच्या आसपास असतं. लोहाराकडे मोजायला काही नसतं, असतो तो फक्त रंग. म्हणून जाणता लोहार भर उन्हात पाणी पाजत नाही, सावलीत किंवा संध्याकाळी पाजतो. उन्हात लालीच्या छटा कळत नाहीत. धारेची बाजू बुडवून काढली की पाठीत उरलेली ऊब हळूहळू धारेकडे उतरू लागते. घासून स्वच्छ केलेल्या पट्टीवर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा-निळा असे रंग चढत जातात. हवा तो रंग धारेपाशी आला की पातं पुन्हा पाण्यात. क्षणभर घाई झाली तर पातं तुटणार, क्षणभर उशीर झाला तर धार वळणार. जपानमध्येही जुने लोहार भट्टीची खोली अंधारी ठेवतात, त्याचं कारण हेच.

आता जपानकडे जाऊ.

जपानी सुरीच्या जाहिराती सामुराईच्या तलवारीपासून सुरू होतात. १८७६ साली मेइजी सरकारनं तलवार लावून फिरण्यावर बंदी घातली आणि तलवारी घडवणारे हात सुऱ्यांकडे वळले, ही गोष्ट खरी आहे. पण ती अर्धीच गोष्ट आहे. ओसाकाजवळचं साकाई हे गाव सुऱ्यांसाठी नावाजलं ते तंबाखूमुळे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर तंबाखू जपानमध्ये आली. तिची पानं केसासारखी बारीक चिरायला लागणारी पाती साकाईत घडू लागली आणि ती इतकी चांगली उतरली की एदो काळात शोगुनच्या राजवटीनं त्यांच्यावर खास शिक्का मारायची परवानगी दिली. फुकुई प्रांतातल्या एचिझेनची कथा तर शेतकऱ्याच्या आणखी जवळची. १३३७ साली क्योतोहून चियोझुरु कुनियासु नावाचा तलवारकार चांगल्या पाण्याच्या शोधात तिथं आला, तलवारी करता करता आसपासच्या शेतकऱ्यांना विळे घडवून देऊ लागला, अशी परंपरा तिथं सांगतात. पुढे एचिझेनचे विळे देशभर गेले. लाखेच्या झाडांचा चीक गोळा करायला गावोगाव हिंडणारी माणसं ते पाठीवर घेऊन विकत. आजच्या महागड्या एचिझेन सुरीचा पूर्वज हा असा गवत कापणारा विळा आहे, हे मला तलवारीच्या कथेपेक्षा अधिक मोलाचं वाटतं.

जपानी पोलादाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सुरीचं सगळं वागणं त्यावर ठरतं. शिमाने प्रांतात यासुगी नावाचं गाव आहे. तिथल्या कारखान्यात, जो पूर्वी हिताची मेटल्सचा होता आणि २०२३पासून प्रोटेरियल या नावानं चालतो, सुऱ्यांसाठी खास पोलाद तयार होतं. त्याच्या पट्ट्या ज्या रंगाच्या कागदात गुंडाळून येत, त्यावरून त्यांची नावं पडली: शिरोगामी म्हणजे पांढऱ्या कागदाचं, आओगामी म्हणजे निळ्या कागदाचं. शिरोगामीत लोखंड आणि कार्बन यांच्याखेरीज जवळजवळ काही नसतं. त्याच्या पहिल्या प्रतीत कार्बन १.२५ ते १.३५ टक्के, दुसऱ्या प्रतीत १.०५ ते १.१५. म्हणजे ट्रकच्या पाट्याच्या दुपटीच्या आसपास. आओगामीत त्याशिवाय क्रोमियम आणि टंगस्टन घालतात, त्यामुळे धार जास्त दिवस टिकते. एवढा कार्बन असला की पोलाद फार कठीण करता येतं. कठीणपणा मोजायच्या रॉकवेल मापावर जपानी सुऱ्या ६० ते ६५पर्यंत जातात, जर्मन सुऱ्या बहुधा ५६ ते ५८पाशी थांबतात.

एवढं कठीण पोलाद नुसतंच वापरलं तर सुरी हातातून पडल्याबरोबर तडकेल. म्हणून जपानी लोहार कठीण पोलादाची पट्टी मऊ लोखंडाच्या दोन थरांत घालून भट्टीत एकजीव करतो. धार पोलादाची, अंग लोखंडाचं. धक्का अंगानं सोसायचा, कापायचं धारेनं. धारेच्या वर ढगासारखी जी नागमोडी रेघ दिसते, ती या दोन धातूंची शीव असते. ही युक्ती आपल्याला अजिबात नवी नाही. कुऱ्हाडीला पोलाद बसवून घेणं, खुरप्याच्या तोंडाला पोलाद घालणं, हे आपले शेतकरी पिढ्यान् पिढ्या लोहाराकडून करून घेत आले आहेत. सगळी कुऱ्हाड पोलादाची करण्याइतकं पोलाद परवडत नव्हतं आणि तशी कुऱ्हाड टिकलीही नसती. गरजेतून आलेलं उत्तर दोन्हीकडे एकच निघालं. एचिझेनची आणखी एक खुबी आहे: दोन पाती एकावर एक ठेवून यांत्रिक घणाखाली एकदमच ठोकतात, त्यामुळे ती लवकर थंड होत नाहीत आणि सारखी पातळ होतात. आपल्याकडच्या कारागिरानं ही खुबी आवर्जून पाहावी.

अशी सुरी हातात घेतली की पहिल्यांदा जाणवतो तो तिचा हलकेपणा. मूठ बहुधा जपानी मॅग्नोलियाच्या लाकडाची, तिच्या तोंडाशी म्हशीच्या शिंगाचं बोंड. घरात सगळ्यात जास्त वापरली जाते ती सांतोकु. साडेसहा-सात इंची पात्याची ही सुरी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे रुळली; भाजी, मासे आणि मांस तिन्ही तिच्यावर चालतं. ग्युतो जरा लांब आणि टोकदार, मांसासाठी आणि मोठ्या कामासाठी. देबा जाड पाठीची, मासे तोडायला. यानागिबा लांबलचक, कच्च्या माशाचे काप करायला. आणि नाकिरी, आयताकृती, सरळ धारेची, फक्त भाजीसाठी.

मला विचाराल तर नाशिकच्या शाकाहारी घरानं नाकिरी घ्यावी. दुकानदार सांतोकु पुढे करील, कारण ती सगळ्यांना चालते. पण आपल्या पिशवीत काय असतं पाहा: मेथी, पालक, शेपू, कोथिंबिरीच्या जुड्या, कोबी, कांद्याची पात, गवार. या सगळ्याला वरून खाली सरळ उतरणारी, पूर्ण लांबीनं पाटाला टेकणारी धार लागते. नाकिरीखाली कोथिंबीर चिरली की ती चेंगरत नाही, पाट हिरवा होत नाही, आणि संध्याकाळी चिरलेली सकाळीही ताजी दिसते. बोथट सुरी पेशी फोडत जाते, रस बाहेर काढते. तेज सुरी त्या कापत जाते. वडीसाठी चार जुड्या कोथिंबीर चिरून पाहा, फरक तोंडानं सांगायची गरज उरणार नाही.

कांद्याचं मात्र सांगायलाच हवं. लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या लेखकानं कांद्यावरून उडी मारून पुढे जाणं बरं नव्हे. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येतं, याचा एक महत्त्वाचा दुवा जपान्यांनीच शोधला. हाउस फूड्स या कंपनीतल्या संशोधकांनी २००२ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं की कांद्यात यासाठी एक स्वतंत्र विकर असतं, डोळ्यांना झोंबणारा वायू त्याच्यामुळे तयार होतो. या कामाला २०१३ साली रसायनशास्त्राचं इग नोबेल मिळालं. पुढे २०२५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं कांदा चिरतानाची क्षणचित्रं घेतली. बोथट पात्याखाली कांद्याची साल आधी दबते, आत दाब साठतो, आणि साल फुटली की रसाचे सूक्ष्म थेंब जोरानं उडतात. पातं जितकं तेज आणि चिरणं जितकं सावकाश, तितके थेंब कमी. ओला रुमाल, तोंडात काडी, कांदा आधी पाण्यात टाकणं, असे कितीतरी उपाय घरोघर चालतात. सगळ्यांत भरवशाचा उपाय धार हाच आहे.

मग आपल्या विळीचं काय? हा प्रश्न मनात आलेल्या वाचकांशी मी सहमत आहे. विळीत पातं उभं आणि स्थिर, भाजी हलते. दोन्ही हात मोकळे राहतात, बोटं दिसतात, पाटाची गरज नाही, आणि टोकाला खवणी असली तर नारळाचीही सोय. एकाच अवजारात एवढी बुद्धी क्वचित सापडते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातली स्वयंपाकघराची जुनी अवजारं पाहिली की लक्षात येतं, आपल्या कारागिरांनी रोजच्या वापराच्या वस्तूंवरही किती जीव ओतला होता. विळी मागे पडली ती तिच्यातल्या उणिवेमुळे नव्हे. स्वयंपाक जमिनीवरून ओट्यावर गेला, बसून चिरणारी बाई उभी राहिली, आणि बसायचं अवजार कोपऱ्यात गेलं. तिच्या जागी जी सुरी आली ती मात्र विळीच्या तोडीची नव्हती. स्टेनलेसच्या पत्र्यातून छापून काढलेली, प्लॅस्टिकच्या मुठीची, चार महिन्यांत बोथट होणारी आणि बोथट झाल्यावर फेकून द्यायची. विळीकडून थेट या सुरीकडे येणं ही आपल्या स्वयंपाकघराची घसरणच झाली, असं माझं मत आहे. हातानं घडवलेल्या जपानी सुरीनं नव्या पिढीला धारेची आठवण करून दिली, हा तिचा मोठा उपकार.

नाशिकला धारेचा इतिहास जुना आहे. गोदाकाठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. सगळ्यात खालच्या, ताम्रपाषाणयुगीन थरात कॅल्सेडनीसारख्या गारेच्या दगडांची बारीक पाती मिळाली. त्याच मोहिमेत उकरलेल्या, संगमनेरजवळच्या जोर्वे गावानं तर त्या काळच्या संस्कृतीला नाव दिलं. दगडाच्या गाभ्यावर नेमका दाब देऊन काढलेली ही पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या मुठीत बसवत. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी गोदावरीच्या काठी कुणीतरी त्यांनीच कापत-चिरत होतं.

जपानी सुरी घेणाऱ्यानं काही गोष्टी आधी ऐकून घ्याव्यात. पैसे घालून निराश झालेली माणसं बरीच असतात, आणि चूक बहुधा सुरीची नसते. एक, ही सुरी नारळावर मारायची नाही. भोपळ्याची टणक पाठ, सुरण, ऊस, हाडं, फ्रीझरमधलं गोठलेलं मांस, यांपैकी काहीही तिच्याखाली घालायचं नाही. धार इतकी पातळ असते की टवका उडतो. या कामांना कोयता किंवा विळीच. दोन, कडप्प्याच्या किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट चिरायची आपली सवय सोडावी लागेल. दगडावर कुठलीच धार जगत नाही. लाकडी पाट हवा. तीन, शुद्ध कार्बन पोलादाचं पातं गंजतं. लिंबू, चिंच, टोमॅटो, कैरी चिरून सुरी तशीच ठेवली तर काळे डाग पडणार, पावसाळ्यात तर तासाभरात तांबूस पूड दिसणार. चिरून झालं की धुवायची, लगेच कोरडी करायची, आठवड्यातून एकदा तेलाचं बोट फिरवायचं. काही महिन्यांत पात्यावर करडा-निळसर थर चढतो आणि मग गंज आपोआप कमी होतो. ज्यांच्या आज्या लोखंडी विळी वापरत त्यांना यातलं काहीच अवघड वाटायला नको. आणि इतकं जपणं होणारच नसेल तर व्हीजी-१०सारख्या न गंजणाऱ्या पोलादाची सुरी घ्यावी, त्यात कमीपणा नाही. जपानमधल्या सेकी गावात १९०८ साली सुरू झालेल्या काई कंपनीचा एक कारखाना आता राजस्थानात नीमराणा इथं आहे. त्या कारखान्यातल्या सुऱ्या हातानं घडवलेल्या नसल्या तरी खिशाला झेपतात.

आणि चार, सगळ्यात महत्त्वाचं: धार लावायला स्वतः शिकायचं. सायकलवर चाक फिरवत येणारा धारवाला गल्लीतल्या साध्या सुऱ्यांसाठी ठीक आहे, पण कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा धारेचं टोक क्षणात तापतं. जपानी सुरीला पाजलेलं पाणी साधारण १५० ते २०० अंशांवर स्थिर केलेलं असतं. त्याच्यावर तापली की पाणी उतरलं.

पाण्याचा दगड घ्या, एक हजार नंबरचा. बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा. ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे हलणार नाही. पातं दगडावर तिरकं ठेवून पाठ इतकी उचला की खाली करंगळीचं टोक जेमतेम जाईल. कोन साधारण १५ अंशांचा होतो. डाव्या हाताची दोन बोटं धारेजवळ टेकवा आणि पुढे-मागे सरकवत राहा, तोच कोन, तोच जोर. दगडावर करडा गाळ जमू लागतो. तो धुऊन टाकू नका, धार तोच लावत असतो. थोड्या वेळानं पात्याच्या दुसऱ्या बाजूवर बोट आडवं फिरवलं की बारीक खरखर लागते. घासून दुमडलेल्या पोलादाची ती कोर. टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडे ती लागली की बाजू बदलायची. शेवटी तीन हजार नंबरच्या दगडावर हलक्या हातानं दोन्ही बाजू फिरवून कोर काढून टाकायची. पिकलेल्या टोमॅटोवर सुरी नुसती ठेवून ओढली आणि साल कापली गेली तर काम झालं. जपानी दगड आणणं नको असेल तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड सुरुवातीला पुरतो. घरातल्या जुन्या सुरीवर हात बसवा. शिकलेला हात कुठल्याही सुरीला उपयोगी पडतो, विळीलाही.

आपल्याकडे अवजाराला मान देण्याची परंपरा आहे. खंडेनवमीला कारखान्यातलं यंत्र पुजतात तशी पुष्कळ घरांत विळी, सुरी, कातरही पाटावर मांडून त्यांना हळद-कुंकू वाहतात. नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, म्हणजे विळीला सुट्टी. जपानमध्ये ८ नोव्हेंबरला लोहार भात्याचा सण करतात, आणि तोक्योतल्या उएनोच्या तळ्याकाठी बेंतेनच्या देवळाच्या आवारात सुऱ्यांचं स्मारक उभं आहे. भावना दोन्हीकडे सारखीच. पण तिकडे अवजाराबरोबर ते घडवणाऱ्याचाही विचार झाला. पारंपरिक हस्तोद्योगांसाठी जपाननं १९७४ साली कायदा केला. त्याखाली एचिझेनच्या घडीव पात्यांना १९७९ साली आणि साकाईच्या पात्यांना १९८२ साली राष्ट्रीय मान्यता मिळाली. छापील स्टेनलेस सुऱ्यांनी एचिझेनच्या लोहारांना जेरीस आणलं होतं, त्याच सुमाराची ही गोष्ट. काझुओ कावासाकी या डिझायनरनं त्यांच्याबरोबर नवी रूपं घडवली. तरुण लोहार एकत्र आले आणि १९९३ साली त्यांनी ‘ताकेफु नाइफ व्हिलेज’ ही सामाईक कार्यशाळा उभारली. घण, भट्ट्या, सहाणा सगळ्यांच्या. साकाईत तर कामाची वाटणी जुनीच: घडवणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा, आणि प्रत्येकाचं नाव गिऱ्हाइकाला ठाऊक. नाशिकच्या बागायतदारांना लागतात तशा द्राक्ष-थिनिंगच्या कात्र्या करणारी आर्स ही कंपनीही याच साकाईची.

कारागिरांच्या संघटनेचं हे शहाणपण नाशिकला अपरिचित होतं असं कुणी म्हणू नये. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले: २,००० एकीकडे दरमहा एक टक्का व्याजानं, १,००० दुसरीकडे पाऊण टक्क्यानं. मोठ्या ठेवीच्या व्याजातून भिक्खूंच्या कपड्यांचा खर्च चालायचा. राजघराण्यातला माणूस कारागिरांच्या संघटनेवर पिढ्यान् पिढ्यांचा भरवसा टाकत होता, तो याच गावात. आणि ती लेणी बेसॉल्टसारख्या कातळात कोरली गेली, ती पाणी पाजलेल्या छिन्न्यांनीच.

आज घिसाड्याच्या वाट्याला काय आहे? १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत लोहारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, आणि पाच टक्के व्याजानं दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज. योजना चांगली आहे. पण तिची वाट आधार, बँक खातं आणि ग्रामपंचायतीच्या पडताळणीतून जाते. ज्याचं पाल आज एका गावाच्या वेशीवर आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावाच्या वेशीवर, त्याची पडताळणी कुठल्या सरपंचानं करायची? हा अडसर जिल्हा प्रशासनानं मनात आणलं तर दूर होण्याजोगा आहे.

दुसरी गोष्ट नाशिकच्या हातातली आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत वाहनांच्या सुट्या भागांसाठी हीट ट्रीटमेंट करणारे कारखाने आहेत. तिथल्या भट्ट्यांत तापमान अंशावर सांभाळलं जातं. घडवण्याचं काम घिसाड्यानं करावं, पाणी पाजण्याचं सातपूरच्या भट्टीनं, धार आणि मूठ तिसऱ्यानं, म्हणजे साकाईची वाटणी नाशिकच्या मातीत. भंगारातला पाटा कधी कसला निघेल याचा भरवसा नसतो, त्यात जुनी तडही असू शकते. पण ठरलेल्या जातीच्या कोऱ्या पोलादाची पट्टी मिळाली तर हाच माणूस ओट्यावर वर्षानुवर्षं चालेल अशी भाजीची सुरी देऊ शकतो. ती शिरोगामीइतकी कठीण नसेल, कठीणपणाचा आकडा पाच-सातनं कमी येईल. त्याबदल्यात ती पडली तर तुटणार नाही आणि साध्या दगडावर पटकन धार धरेल. आपल्या घरांना असंच पातं सोयीचं. २०२७च्या सिंहस्थासाठी देशभरातली माणसं गोदाकाठी येतील. त्यांना दाखवायला आणि विकायला अशा सुऱ्यांची एक चांगली ओळ मांडता आली तर ती पितळी भांड्यांच्या जुन्या नाशिकला शोभेल.

तोपर्यंत वाचकांनी एवढं करावं. ऐपत आणि हौस असेल तर एक जपानी नाकिरी जरूर घ्या, दगडासकट. नसेल तर गावच्या आठवडी बाजारात घिसाडी गाठा आणि त्याला कागदावर आकार काढून द्या: पातं सहा इंच लांब, दोन इंच रुंद, पाठ दोन मिलिमीटरच्या आत, धारेकडे जितकी पातळ जमेल तितकी, मागे मुठीसाठी चार इंच शेपटी. पाणी धारेलाच पाजायला सांगा. मूठ सुताराकडून सागाची किंवा बाभळीची बसवून घ्या. घिसाडी जो भाव सांगेल तो द्या. त्यात घासाघीस करू नका, त्यात दोन माणसांची मजुरी आहे.